मिरकरवाडा ते रोम : मासळी मोजणाऱ्यांची वाटचाल

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीला बोट लागली की आधी मासळीची निवड होते आणि मगच लिलाव. बांगडा एका बाजूला, तारली दुसऱ्या, सुरमई आणि पापलेट बर्फात, कोळंबी वेगळी, आणि उरलीसुरली बारीक मासळी एकाच ढिगात. निवडणाऱ्या हातांना वर्गीकरणशास्त्र कुणी शिकवलेलं नसतं. ते बाजारभावाने शिकवलेलं असतं. पण रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत, म्हणजे एफएओत, भारताच्या नावापुढे बांगड्याचा जो वार्षिक आकडा दिसतो त्याची सुरुवात असल्याच ढिगांपाशी होते. ढिगापासून आकड्यापर्यंत जाताना मासळीचं नाव बदलतं, बंदराचं बदलतं, जाळ्याचं बदलतं, आणि दर वळणावर कुणाला तरी ठरवावं लागतं की हे आणि ते एकच. गेल्या पाऊण शतकात हे ठरवण्याचं काम काही संस्थांनी केलं. त्यांची वाटचाल बहुतेक वेळा संगणकाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती कारकुनीची गोष्ट आहे, आणि कारकुनी हा शब्द मी आदराने वापरतो आहे.

एफएओची स्थापना १६ ऑक्टोबर १९४५ रोजी कॅनडातल्या क्वेबेक शहरात झाली. भारत तिचा संस्थापक सदस्य. स्वातंत्र्य मिळायला अजून दोन वर्षं होती. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था, जिला किनाऱ्यावरचे लोकही आता सीएमएफआरआय म्हणतात, ती ३ फेब्रुवारी १९४७ रोजी मद्रासला सुरू झाली, मग मंडपमला गेली आणि अखेर कोचीत स्थिरावली. १९५१ साली एफएओचं मुख्यालय वॉशिंग्टनहून रोमला हललं. त्याच सुमारास तिथल्या सांख्यिकीच्या कामाची धुरा एका मराठी माणसाकडे आली, आणि ती जवळजवळ वीस वर्षं त्यांच्याकडेच राहिली. ते डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, गाव सातारा जिल्ह्यातलं बुध.

सुखात्म्यांचं नाव आज पोषण आणि कुपोषणाच्या वादात जास्त घेतलं जातं. त्यांचं आधीचं काम शेताच्या बांधावरचं होतं. पीक किती आलं हे त्या काळी आणेवारीने ठरायचं. तलाठ्याने उभ्या पिकाकडे पाहायचं आणि रुपयात किती आणे पीक आहे ते सांगायचं. सुखात्मे आणि डॉ. व्ही. जी. पानसे यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना ही नजर बाजूला ठेवली आणि यदृच्छ निवडलेल्या तुकड्यातलं पीक कापून, मळून, वजन करून अंदाज काढायची पद्धत रुजवली. तुकडा केवढा असावा यावर त्यांचं आणि प्रशांतचंद्र महालनोबीस यांचं जुंपलं. तो वाद सांख्यिकीच्या वर्तुळात अजूनही चवीने सांगितला जातो. शेताचं काम जमल्यावर समुद्राकडे वळणं ओघाने आलं. १९५८ साली सुखात्मे, पानसे आणि के. व्ही. आर. शास्त्री यांचा भारतातल्या सागरी मासळीच्या अंदाजासाठी नमुना पाहणी कशी करावी यावरचा लेख ‘बायोमेट्रिक्स’ या नियतकालिकात आला.

शेत रात्री उठून दुसऱ्या गावाला जात नाही. बोट जाते. ती पहाटे येते, दुपारी येते, भाव पडला असला तर शेजारच्या बंदराला लागते. किनाऱ्यावर बंदरं शेकड्यांनी, आणि मोजणारी माणसं मोजकी. त्यावर सीएमएफआरआयने जी रीत बसवली ती आजही मुळात तीच आहे, आणि तिच्यातला नेटकेपणा पाहण्यासारखा आहे. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग करायचे. पहिल्या भागातल्या सुरुवातीच्या पाच दिवसांतून एक दिवस चिठ्ठी टाकल्यासारखा निवडायचा. तो आणि पुढचे पाच असे सहा दिवस घ्यायचे, आणि त्यांच्या दोन-दोन दिवसांच्या तीन जोड्या लावायच्या. पुढच्या दोन भागांत दहा-दहा दिवसांचं अंतर ठेवून हेच. म्हणजे महिन्याला नऊ जोड्या. जोडीतल्या पहिल्या दिवशी निरीक्षकाने दुपारी बारा ते सहा बंदरावर उभं राहायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा, आणि मधल्या रात्री काय उतरलं ते सकाळी विचारून घ्यायचं. झाले चोवीस तास. बोटी थोड्या असल्या तर सगळ्या पाहायच्या, जास्त असल्या तर काही निवडायच्या. कोणत्या जाळ्याची बोट, किती तास समुद्रात होती, कोणती जात किती किलो, हे टिपायचं. मग त्यावरून महिन्याचा, मग किनारपट्टीचा, मग राज्याचा अंदाज.

संस्थेच्या २०१० च्या मत्स्यव्यवसाय गणनेत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ४५६ मच्छीमार गावं, १५२ मासळी उतरवण्याची ठिकाणं आणि ८१,४९२ मच्छीमार कुटुंबं नोंदली गेली. एवढ्या पसाऱ्यात निरीक्षक दुपारी बाराला जेटीवर उभा राहिला का, यावर सगळी इमारत उभी आहे. पुढे ज्या ज्ञानव्यवस्थांची मी तारीफ करणार आहे त्यांतली एकही हा प्रश्न सोडवत नाही.

सुखात्म्यांचा तो लेख आला त्याच काळात रत्नागिरीत शास्त्राचं बूड पक्कं होत होतं. १९५८ मध्ये सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र सुरू झालं. पुढे ते कोकण कृषी विद्यापीठाकडे आलं. दापोलीचं हे विद्यापीठ १९७२ चं. त्याचं मत्स्य महाविद्यालय १९८१ साली शिरगावला उघडलं, आणि महाराष्ट्रात मत्स्यशास्त्राची पदवी मिळायची सोय झाली. सागरी मासेमारी नियमनाचा राज्याचा कायदाही १९८१ चाच. आणि त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरी जिल्हा दुभंगला.

इथे जरा थांबायला हवं. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला, म्हणजे देवगड, मालवण, वेंगुर्ला ही बंदरं ‘रत्नागिरी’ या नावाखालून निघाली. समजा कुणी १९७५ ची रत्नागिरीची मासळी १९८५ च्या रत्नागिरीशी ताडून पाहिली. मासळी एकदम घटलेली दिसेल. समुद्रात काहीच झालेलं नसेल, घट कागदावरची. हीच फसगत एक पायरी वर मुंबई राज्याची. १९५६ नंतरच्या आणि १ मे १९६० च्या आधीच्या ‘मुंबई’च्या आकड्यांत सौराष्ट्राचा किनाराही आहे. नाव तेच राहून आतला मुलूख बदलतो, किंवा मुलूख तोच राहून नाव बदलतं. माणसाला हे ठाऊक असतं म्हणून तो सावरून घेतो. यंत्राला ते सांगावं लागतं, आणि नुसतं नाव सांगून भागत नाही.

शिवाय नाव एक आणि क्रमांक अनेक. रत्नागिरीचंच बघा. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातला ३२ वा जिल्हा, २०११ च्या जनगणनेत देशभरच्या यादीतला ५२८ वा. गाडीच्या पाटीवर एमएच ०८, टपालात ४१५६१२, कोकण रेल्वेच्या तिकिटावर आर-एन, विमानतळांच्या यादीत आर-टी-सी. या सगळ्या वह्यांना एकमेकींची ओळख नाही. रेल्वेच्या दृष्टीने रत्नागिरी म्हणजे एक फलाट, जनगणनेच्या दृष्टीने चिपळूण-खेडसकट अख्खा जिल्हा, आणि टपालाच्या दृष्टीने एक मुख्य कचेरी. सगळ्या खऱ्याच आहेत. पण त्या सरसकट जोडल्या तर फलाटाला जिल्ह्याची लोकसंख्या चिकटेल.

ऑन्टॉलॉजी हे तत्त्वज्ञानातून संगणकात आलेलं जडजंबाल नाव ज्या कामाला दिलं जातं ते काम इथून सुरू होतं. कोकणात नवा माणूस भेटला तर नाव विचारून कुणी थांबत नाही. गाव कुठलं, वाडी कुठली, कुणाचे तुम्ही, आजोळ कुठं, असं विचारत विचारत त्याची जागा ठरते, आणि मग दोन ओळखींतून तिसरी आपोआप निघते. ऑन्टॉलॉजी म्हणजे वस्तूंची अशी ओळख यंत्राला वाचता येईल अशा भाषेत लिहून ठेवणं. ही वस्तू कोणत्या प्रकारची, कशाचा भाग, कशाच्या शेजारी, कशातून निघाली, कधीपासून कधीपर्यंत वैध, आणि दुसऱ्या वहीत तिला काय म्हणतात. अशा मांडणीसाठी आउल नावाची भाषा २००४ साली जागतिक वेब संघाने प्रमाण म्हणून मान्य केली. त्याआधीही ग्रंथालयांमध्ये हे विचार होते. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात एका पुस्तकाचे अनेक पैलू वेगळे मांडून पुन्हा जोडायची जी रीत दिली, तिचं ऋण या क्षेत्रातली जाणती माणसं मान्य करतात.

एफएओपुढे ही अडचण देशांच्या नावांनी आली. तिच्याकडे शेतीची आकडेवारी एका विभागात, मासळीची दुसऱ्यात, वनांची तिसऱ्यात, प्रकल्पांची चौथ्यात, आणि जो तो आपापल्या क्रमांकाने देश ओळखणारा. भारत संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी यादीत ३५६, एफएओच्या शेती आकडेवारीत १००, आंतरराष्ट्रीय प्रमाणन संघटनेच्या यादीत आय-एन आणि आय-एन-डी. २००२ च्या सुमारास संघटनेने देशवार माहितीचं एक दालन उघडलं. देशाचं नाव निवडलं की त्या देशाबद्दल घरात जे जे आहे ते एका जागी मिळावं, एवढीच साधी अपेक्षा. ती पुरी करायला मागे जी रचना उभारली गेली तिचं नाव भूराजकीय ऑन्टॉलॉजी. तिच्यात प्रत्येक देशाची वेगवेगळ्या भाषांतली नावं, सगळ्या याद्यांतले क्रमांक, सीमा कुणाशी लागते, कोणत्या गटात आहे, आणि कोणत्या देशाचा वारस किंवा पूर्वज आहे, हे सगळं दुव्यांनी बांधलं होतं. सोबत वैधतेची वर्षं.

या वर्षांचं मोल २०११ साली कळलं. ९ जुलैला दक्षिण सुदान वेगळा झाला. तोवर एफएओच्या शेती आकडेवारीत सुदान २०६ होता. फाळणीनंतर २०६ हा क्रमांक ‘पूर्वीचा सुदान’ म्हणून गोठवला गेला, उरलेल्या सुदानला २७६ आणि दक्षिण सुदानला २७७ मिळाला. उरलेल्या सुदानला जुनाच क्रमांक ठेवला असता तर त्याचं उत्पादन एका रात्रीत कोसळल्यासारखं दिसलं असतं, आपल्या १९८१ च्या रत्नागिरीसारखं. आपल्याकडे जिल्हे पाडताना असं कुणी करत नाही. विभाजनानंतर मोठा तुकडा जुनं नाव घेऊन पुढे चालतो, आणि जुन्या तक्त्यांच्या तळाशी एक बारीक टीप येते. पुढच्या पिढीतला अभ्यासक ती वाचेलच असं नाही. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेने आता गाव-तालुका-जिल्ह्याला स्थिर क्रमांक दिले, ही चांगली गोष्ट झाली. पण साठ-सत्तरच्या दशकातले बंदरवार आकडे त्या क्रमांकांशी जोडायचं काम अजून कुणीतरी हातात घ्यायला हवं.

देशांपेक्षा मासे अवघड. बांगड्याला केरळात अयला म्हणतात, मंगळुरात बंगुडे. तारली केरळात मत्ती आणि मंगळुरात भूताई. एफएओच्या जलचरांच्या यादीत आज सुमारे १३ हजार नोंदी आहेत. प्रत्येकीला शास्त्रीय नाव, गट क्रमांक, वर्गीकरणाचा क्रमांक आणि तीन अक्षरांची खूण. बांगडा आर-ए-जी, तारली आय-ओ-एस, बोंबील बी-यू-सी, पापलेट एस-आय-पी. या एसआयपीचा म्युच्युअल फंडाशी संबंध नाही. समुद्राचेही भाग पाडलेले आहेत. आपला अरबी समुद्र पश्चिम हिंदी महासागरात, क्षेत्र ५१. विशाखापट्टणमची बाजू पूर्वेला, क्षेत्र ५७. म्हणजे ‘आर-ए-जी, ५१, आय-एन-डी’ एवढं म्हटलं की जगातल्या कुठल्याही मत्स्यशास्त्रज्ञाला मिरकरवाड्यापासून कोचीपर्यंतचा बांगडा कळतो, मराठीचा गंध नसला तरी.

जे ओळखू आलं नाही किंवा ओळखायला वेळ नव्हता त्यासाठी याद्यांत ‘इतरत्र समाविष्ट नसलेले’ असे कप्पे आहेत. फिशमीलच्या कारखान्याकडे जाणारा जेटीवरचा तो शेवटचा ढीग अशाच कप्प्यात जाऊन पडतो. त्यात मोठ्या माशांची पिल्लंही असतात, हे जेटीवर कुणालाही विचारा. या कप्प्यावर कितीही सुंदर ज्ञानव्यवस्था रचली तरी आतलं काही दिसत नाही. दोर तुटतो तो रोममध्ये नव्हे, इथंच, ढीग करताना.

२००६ ते २०१० या काळात युरोपीय संघाच्या पैशाने निऑन नावाचा एक प्रकल्प झाला. नेतृत्व ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचं, आणि एफएओ त्यात आपला मासळीचा पसारा घेऊन उतरली होती. कल्पना अशी की एकच अगडबंब ऑन्टॉलॉजी करू नये; जातींची एक, सागरी क्षेत्रांची एक, देशांची एक, जाळ्यांची एक, बोटींच्या प्रकारांची एक, अशा वेगवेगळ्या कराव्यात आणि त्यांचं जाळं विणावं. प्रत्येक वही तिच्या तिच्या मालकाने सांभाळावी, बदलली तर बाकीच्यांना कळावं. मासळीचे साठे कुठे खालावत आहेत हे सांगणारी एक व्यवस्था त्यातून उभी करायची होती. ती नमुन्यापुरती उभी राहिली. तिच्याहून टिकाऊ ठरली ती वह्या वेगळ्या ठेवून जोडण्याची सवय.

पुढचं पाऊल क्रीट बेटावर पडलं. हेराक्लिऑनच्या फोर्थ या संशोधन संस्थेत सागरी माहितीसाठी एक वरच्या थराची ऑन्टॉलॉजी तयार झाली. तिच्या आधारे, २०१५ ते २०१८ दरम्यानच्या ब्लूब्रिज प्रकल्पात, मत्स्यसाठ्यांची आणि मासेमारीची एक जागतिक नोंद बांधली गेली. तीन स्वतंत्र माहितीसंच तिच्यात एकत्र आले. एक, सरकारं आणि प्रादेशिक आयोगांच्या अहवालांवर चालणारा फर्म्स. दुसरा, शास्त्रज्ञांचा रॅम लेगसी. तिसरा, मासळी विकत घेणाऱ्या कंपन्यांना उपयोगी पडणारा फिशसोर्स. तिघांत एकाच साठ्याची तीन वर्णनं असू शकतात. यंत्र जुळणी सुचवतं, पण ‘होय, हे तिन्ही एकच’ असा शिक्का माणूस मारतो. प्रत्येक नोंदीला जात आणि क्षेत्र यांच्या खुणा जोडून केलेलं एक ओळखपत्र मिळतं, आणि मूळ माहिती कुणाची हे पुसलं जात नाही. मला यातली ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. तिन्ही आकड्यांची सरासरी काढून एक गुळगुळीत आकडा छापणं सोपं होतं. त्यांनी मतभेद शाबूत ठेवला.

मतभेद आपल्याकडेही आहेत. महाराष्ट्राच्या मासळीचे दोन अंदाज निघतात, एक राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचा आणि दुसरा सीएमएफआरआयचा. पहिल्याचं वर्ष एप्रिल ते मार्च, दुसऱ्याचं जानेवारी ते डिसेंबर. मच्छीमाराचं स्वतःचं वर्ष तिसरंच, नारळी पौर्णिमेच्या आसपास सुरू होऊन मे अखेरीस संपणारं. एफएओला जातो तो केंद्र सरकारचा अधिकृत आकडा, आणि तिथे वर्ष जानेवारीपासूनचं. दोन आकडे जुळले नाहीत की वर्तमानपत्रात आरोप होतात. त्यातला काही फरक पद्धतीचा असतो, काही नुसता पंचांगाचा.

तसंच बोटीचं. जगाच्या हिशेबात मासळी ज्या देशाचा झेंडा बोटीवर आहे त्याची. देशाच्या आत मात्र ती जिथे उतरली त्या राज्याची. रत्नागिरीसमोर मलप्याच्या बोटी येतात, गुजरातच्या येतात, त्यावरून समुद्रात झटापटी होतात. त्यांनी इथे पकडलेली मासळी मलप्याला उतरली की कर्नाटकाच्या खात्यात जमा. त्यामुळे आपल्या दारातून किती मासळी गेली, हा पारंपरिक मच्छीमारांचा साधा प्रश्न राज्याच्या वहीतून सुटत नाही. बोटींची नोंदणी आता रियलक्राफ्ट या देशव्यापी प्रणालीत होते. ती, बंदरावरची नोंद आणि मासेमारीचं क्षेत्र या तीन वह्या एकमेकींशी बोलल्या तर उत्तर मिळू शकतं. पर्ससीन जाळ्यांच्या वादात असल्या उत्तराची किंमत फार मोठी आहे. डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर बंधनं आली, आणि तेव्हापासून दोन्ही बाजू आकड्यांनीच भांडत आहेत.

मासळीला तर सीमा ठाऊकच नाही. सीएमएफआरआयचे डॉ. ई. विवेकानंदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की समुद्र तापतो तसा तारली आणि बांगड्याचा पसारा उत्तरेकडे सरकतो आहे. केरळात २०१२ साली तारली चार लाख टनांच्या घरात गेली होती. २०२१ मध्ये ती तीन-साडेतीन हजार टनांवर आली. केरळची वही एकटी वाचली तर हा सर्वनाश आहे. कोकणची वही तिच्याशेजारी ठेवल्याशिवाय त्यातलं किती मेलं आणि किती हललं हे सांगता येत नाही. पलीकडे ओमान आणि इराणचे किनारे आहेतच.

जाळ्यांच्या यादीबद्दल माझी एक तक्रार आहे. रापण ओढताना कोकणात कुणी पाहिली असेल तर त्याला माहीत आहे की ती नुसती जाळी नव्हे. ती रापण संघाची असते. ओढणाऱ्यांचे वाटे ठरलेले, जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, म्हाताऱ्याकोताऱ्याचाही. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ती ‘किनारी ओढजाळी’ या कप्प्यात जाते, खूण एस-बी, केरळच्या कंबवलेशेजारी. हे चूक नाही. पण त्या कप्प्यात वाट्यांचा रकानाच नाही. यंत्राला जोडायला सोयीचं तेवढंच जोडलं जातं, आणि जे जोडलं गेलं नाही ते धोरण आखणाऱ्याला दिसत नाही. हा रकाना रोमहून येणार नाही; तो शिरगावच्या महाविद्यालयातून किंवा मालवणातल्या एखाद्या रापण संघाच्या हिशेबवहीतूनच यायला हवा.

दरम्यान व्यापाराने आपला रेटा लावला. १ जानेवारी २०१० पासून युरोपीय संघ बेकायदा मासेमारीतली मासळी नाही असं प्रमाणपत्र असल्याशिवाय सागरी मासळी घेत नाही. भारतात ते सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाच्या शिक्क्याने मिळतं. बोट, जात, क्षेत्र, वजन, सगळं त्यात. १० जानेवारी २०२६ पासून युरोपातल्या आयातदाराला हे कॅच नावाच्या संगणक प्रणालीतूनच सादर करावं लागतं. म्हणजे जे जोडकाम शास्त्रज्ञ वीस वर्षं विनंत्या करून करत होते ते आता कंटेनर अडेल या धाकाने होणार. धाकाने केलेली नोंद खरी असतेच असं नाही, पण रिकामी तरी राहत नाही.

आणि पापलेट. २०२३ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्यमासा केलं, आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. पापलेटसाठी १३५ मिलिमीटर. आजवर आपल्या सगळ्या वह्यांत पापलेट म्हणजे पाम्पस अर्जेंटियस. एस-आय-पी ही खूणही त्याच नावाशी बांधलेली. अलीकडच्या वर्गीकरण-अभ्यासांनी मात्र अरबी समुद्रातलं पापलेट ही वेगळी जात असून तिला पाम्पस कँडिडस म्हणावं असं दाखवलं आहे. ही केवळ आपल्या घरची बाब नाही. कुवेतचं झुबैदी आणि इराणचं हलवा सफेद ही याच प्रकारची मासळी आणि तीही क्षेत्र ५१ मधलीच. (इराणात पापलेट पांढरा हलवा, आणि आपल्याकडे हलवा म्हणजे काळा पापलेट, मुंबईच्या बाजारात इराणी गिऱ्हाईक काय मागत असेल कोण जाणे.) नाव बदलायचं ठरलं तर रत्नागिरी, कुवेत आणि इराणचं बुशहर या तिन्ही ठिकाणच्या जुन्या आकड्यांचं काय करायचं? आकडे क्षेत्रवार ठेवलेले असल्यामुळे ५१ मधलं पापलेट चीन-जपानच्या बाजूच्या पापलेटपासून वेगळं काढता येतं. जुन्या नावाला ‘या क्षेत्रात, या वर्षापर्यंत, या अर्थाने वापरलेलं’ अशी नोंद जोडली की मागचे तक्ते फाडावे लागत नाहीत. परवाना अधिकारी तेव्हाही जेटीवर तीच १३५ मिलिमीटरची पट्टी लावेल. फक्त शासन निर्णयाच्या परिशिष्टातलं शास्त्रीय नाव वेळेत दुरुस्त झालेलं हवं, नाहीतर पहिल्याच दंडाच्या प्रकरणात वकील विचारेल की कायद्यातला मासा आणि टोपलीतला मासा एकच कशावरून.